कुंतीचे कुंपण: ओळख, लागवड आणि निगा

बंगल्याच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारात शोभेचे कुंपण करायचे ठरले की रोपवाटिकेत जे स्वस्त आणि झपाट्याने वाढणारे दिसेल ते घेण्याकडे आपला कल असतो, आणि म्हणूनच आपल्या शहरांत जिकडेतिकडे दुरांटाच्या पिवळसर रांगा दिसतात. दुरांटा वर्षभरात दाट होतो हे खरे. पण त्याला सतत कात्री लावावी लागते, त्याची पिवळी फळे विषारी असल्याने लहान मुलांच्या वावराच्या जागी ती धोक्याची ठरतात, आणि काही वर्षांत त्याचा तळ उघडा पडू लागतो. कुंती त्या मानाने सावकाश वाढते, पण एकदा बसली की अनेक वर्षे टिकते, बाराही महिने गडद हिरवी राहते, उन्हाळा सोसते आणि पावसाळ्यात सुवासिक पांढऱ्या फुलांनी भरून जाते. दोन-तीन वर्षे धीर धरण्याची तयारी असेल, तर महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत शोभेच्या कुंपणासाठी माझी पहिली पसंती कुंतीलाच राहील. मात्र ही पसंती सरसकट सर्व ठिकाणांसाठी नाही, आणि त्याचे कारण या झुडपाच्या कुळात आहे.

कुंती, कामिनी आणि मधुकामिनी या नावांनी रोपवाटिकांत जे झुडूप मिळते त्याचे शास्त्रीय नाव म्युराया पॅनिक्युलाटा. दक्षिण आणि आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत ते नैसर्गिकपणे आढळते, आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही ते रानटी वाढते, आणि त्याचे कूळ रुटेसी, म्हणजे लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल आणि कवठ यांचे कूळ आहे. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते: कुंतीला पाणी साचलेले का चालत नाही, चुनखडीच्या जमिनीत तिची पाने का पिवळी पडतात, तिच्यावर कोणत्या किडी येतात, फुले केव्हा येतात, आणि संत्र्याच्या बागेशेजारी ती का लावू नये.

रोप घेण्यापूर्वीची ओळख

ओळखीची सुरुवात पानापासून करावी, कारण फूल आणि फळ नेहमी असतेच असे नाही. कुंतीचे पान संयुक्त असते. एका देठावर साधारणपणे तीन ते सात, क्वचित नऊ पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे सुटे, पानासारखे दिसणारे भाग, असतात. त्या एकमेकींच्या समोरासमोर नसून देठावर एकाआड एक लागलेल्या असतात, आणि टोकाची पर्णिका सहसा सर्वांत मोठी असते. प्रत्येक पर्णिका जाडसर, वरून चकचकीत, कडा सरळ, आणि तळाशी निमुळती होत टोकाकडे रुंदावणारी असते. आता एक पर्णिका तोडून सूर्याकडे धरावी. हिरव्या पार्श्वभूमीवर सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक, पारदर्शक ठिपके दिसतील. हे ठिपके म्हणजे सुगंधी तेलाच्या ग्रंथी होत, आणि लिंबाच्या पानातही ते तसेच दिसतात. पान चुरगळले तर लिंबाच्या जवळ जाणारा सौम्य वास येतो. दुरांटा, मेंदी किंवा कोयनेल यांच्या पानांत असे ठिपके नसतात, त्यामुळे ही एक खूण पटली की कुंपणाला लावल्या जाणाऱ्या इतर बहुतेक झुडपांचा संशय तिथेच मिटतो.

उरतो तो कढीपत्ता. तो कुंतीचा अगदी जवळचा नातेवाईक असल्याने ठिपके त्याच्याही पानांत असतात, आणि लहान रोपांच्या बाबतीत गोंधळ होऊ शकतो. परंतु कढीपत्त्याच्या एका पानावर अकरा ते वीसपर्यंत, कधी त्याहूनही अधिक पर्णिका असतात, त्या पातळ आणि कमी चमकदार असतात, आणि त्यांचा वास स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही चुकणार नाही. फळही वेगळे: कढीपत्त्याचे फळ पिकल्यावर काळे होते, तर कुंतीचे फळ सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे, लांबट आणि नारिंगी-लाल असते, आणि त्यात बारीक लव असलेल्या एक किंवा दोन बिया असतात.

कुंतीचे फूल शुभ्र, पाच पाकळ्यांचे असते. पाकळ्या उमलल्यावर मागे वळतात आणि मधोमध दहा पुंकेसर दिसतात, एक लांब व एक आखूड अशा क्रमाने. वास संत्र्याच्या फुलाशी मिळताजुळता आणि संध्याकाळनंतर अधिक तीव्र असतो. जुन्या झाडाची साल फिकट, राखट-पिवळसर असते आणि लाकूड इतके कठीण असते की त्याच्या काठ्या आणि हत्यारांच्या मुठी करतात. म्यानमारमध्ये चेहऱ्याला लावायचा ‘थनाखा’ नावाचा जो लेप खोड सहाणेवर उगाळून करतात, त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झाडांतही कुंती आहे.

इतर झुडपे थोडक्यात सांगायची तर, दुरांटाची पाने साधी आणि समोरासमोर, फुले निळी-जांभळी किंवा पांढरी, फळे पिवळी. मेंदीची पाने लहान, समोरासमोर, जुन्या फांद्या टोकाशी काटेरी. आणि कोयनेलचे फूल पांढरे असले तरी त्यातून जांभळट-लाल पुंकेसर लांब बाहेर आलेले असतात.

कोठे लावावी आणि कोठे लावू नये

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. ज्यांची जमीन वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यात आहे, जालना-छत्रपती संभाजीनगरकडच्या मोसंबीच्या भागात आहे किंवा ज्यांच्या शेजारी कागदी लिंबाची व्यापारी बाग आहे, त्यांनी कुंतीचे कुंपण करू नये. लिंबूवर्गीय झाडांवर ‘सायला’ नावाची एक अगदी लहान कीड येते. ती रस शोषतेच, पण तिचा खरा धोका असा की ‘ग्रीनिंग’ या रोगाचे जिवाणू तिच्यामार्फत एका झाडातून दुसऱ्या झाडात जातात, आणि रोग जडलेले झाड बरे करणारे औषध आजवर मिळालेले नाही. कुंती हे या किडीचे अत्यंत आवडते झाड आहे. सायला अंडी घालते ती फक्त कोवळ्या फुटीवर. आणि कुंपण म्हटले की छाटणी आली, छाटणी झाली की पुन्हा कोवळी फूट आली. संत्र्याला वर्षातून ठरावीक काळीच नवी पालवी येते, पण वारंवार कापले जाणारे कुंतीचे कुंपण किडीला मधल्या काळातही खाद्य आणि आसरा पुरवीत राहते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ही कीड १९९८ मध्ये प्रथम आढळली आणि रोपवाटिकांतून विकल्या जाणाऱ्या कुंतीच्या रोपांबरोबर ती राज्यभर पसरण्यास मोठी मदत झाली. २००५ मध्ये तेथे ग्रीनिंग रोग सापडला आणि त्यानंतर तेथील संत्र्याच्या उत्पादनाची वाताहत झाली. आपल्याकडे कीड आणि रोग दोन्ही पूर्वीपासून आहेत, तेव्हा निव्वळ शोभेसाठी त्यांना बांधावर आणखी घर करून देण्यात शहाणपण नाही. अशा भागात मेंदी किंवा कोयनेल लावावी. ती या कुळातली नाहीत. शहरातल्या बंगल्याला, जिथे आसपास लिंबाची बाग नाही, हा आक्षेप लागू होत नाही.

दुसरी मर्यादा समुद्राची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या घरांना खारा वारा सतत लागतो आणि त्याने कुंतीची पाने कडेने करपतात. तिथे खारे पाणी आणि खारा वारा दोन्ही पचवणारी कोयनेल कितीतरी सरस आहे. किनाऱ्यापासून आत, जांभ्या दगडाच्या उतारावर मात्र कुंती उत्तम होते, कारण तिथे पाणी साचत नाही.

तिसरी गोष्ट, कुंतीला काटे नसतात. गुरे आणि शेळ्या अडवण्याच्या वईसाठी चिलार किंवा सागरगोटा यांनाच पर्याय नाही. कुंतीचे कुंपण आडोशासाठी आणि शोभेसाठी आहे. आणि ज्यांना तीव्र वासाने डोके दुखते त्यांनी ती निजायच्या खोलीच्या खिडकीखाली न लावता थोडी लांब लावावी.

ऊन दिवसाचे किमान चार-पाच तास मिळावे. सावलीत झुडूप जगते, पाने हिरवीगारही राहतात, पण फांद्या लांब आणि विरळ होतात व फुले नावापुरती येतात. एक बाजू भिंतीची असेल तर भिंतीपासून दोन फूट तरी अंतर सोडावे, म्हणजे मागच्या बाजूला हवा खेळते आणि कात्री चालवायला जागा राहते.

रोपे तयार करणे

वीस फुटांच्या कुंपणाला रोपे विकत घेणेच सोयीचे. पण लांब कुंपण करायचे असेल तर घरी रोपे करून बराच खर्च वाचतो. पूर्ण लाल झालेली फळे काढून, गर चोळून धुवावा आणि बिया लगेच पेराव्यात. वाळवून डबीत ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, त्यामुळे मागच्या वर्षीचे बी कोणी दिले तर त्यावर भिस्त ठेवू नये. माती, वाळू आणि चाळलेले शेणखत समभाग घेऊन भरलेल्या पिशवीत अर्धा इंच खोल बी टाकले, की तीन ते पाच आठवड्यांत कोंब वर येतात. बियांची रोपे सुरुवातीला फार हळू वाढतात आणि त्यांच्यात पानांच्या आकाराचा, वाढीच्या ढंगाचा थोडाफार फरक पडतो.

एकसारखे कुंपण हवे असेल तर छाट कलमे करावीत. पावसाळ्यात, ना अगदी कोवळी ना पूर्ण जून, अशी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडून तिचे सहा इंचांचे तुकडे करावेत, खालची पाने काढावीत, वर दोन पाने ठेवावीत आणि खालचे टोक मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवून वाळूमिश्रित मातीत खोचावे. कुंतीच्या सगळ्याच छाटांना मुळे फुटत नाहीत, म्हणून हव्या त्यापेक्षा दीडपट तरी लावावेत. मोजकीच रोपे हवी असल्यास गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीची थोडी साल काढून तिथे ओलसर शेवाळ किंवा माती बांधून मुळे फुटवणे, अधिक भरवशाचे.

विकतचे रोप घेताना उंची पाहू नये, तळ पाहावा. तीन फूट उंच पण खाली उघडी काठी असलेल्या रोपापेक्षा एक-दीड फुटाचे, जमिनीलगत तीन-चार फांद्या फुटलेले रोप कुंपणाला दुप्पट मोलाचे आहे. शेंड्याची कोवळी पाने मुडपलेली असतील, त्यांवर पांढरे मेणचट धागे दिसत असतील किंवा पाने चिकट लागत असतील, तर ते रोप घेऊ नये. ही सायलाची किंवा पिठ्या ढेकणाची खूण असते.

लागवड

देशावर पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतर, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत लागवड करावी. कोकणात मात्र त्या काळातील पावसाचा जोर नव्या रोपाची मुळे कुजवू शकतो. तिथे पाऊस थोडा ओसरल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात लावणे बरे.

स्वतंत्र खड्डे घेण्यापेक्षा दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल असा सलग चर उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा. दोरी बांधून चर सरळ काढण्याचे कष्ट जरूर घ्यावेत, कारण वाकडी रांग पुढे कात्रीने सरळ होत नाही. वरच्या थरातील माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि धावत्या मीटरला सुमारे पाव किलो निंबोळी पेंड एकत्र करून चर भरावा. शेणखत मातीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको, आणि कच्चे तर मुळीच नको; त्याने हुमणी आणि वाळवी येते.

काळ्या मातीत थोडी अधिक तयारी लागते. ही माती पावसात पाणी धरून ठेवते आणि कुंतीची मुळे लिंबाप्रमाणेच साचलेल्या पाण्यात गुदमरतात. चराच्या तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे चार इंच घालावेत, भरावाच्या मातीत जाड वाळू मिसळावी, आणि रांग जमिनीच्या पातळीपेक्षा सहा इंच उंच वरंब्यावर घ्यावी. मात्र चराला उतार देऊन पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसेल, तर तळाशी मुरूम घालूनही चराचे पाण्याने भरलेले टाकेच होते. भर पावसात एकदा जाऊन पाणी कुठे थांबते ते पाहिले, म्हणजे वाट कोठून काढायची ते कळते.

तीन-चार फूट उंचीच्या कुंपणासाठी दोन रोपांत दीड फूट अंतर पुरते, म्हणजे २० फूट लांबीला १४ रोपे लागतात. पाच-सहा फुटांचा आडोसा हवा असेल तर अंतर दोन फूट ठेवावे. रस्त्याची धूळ अडवायची असल्यास एकमेकींपासून दीड फुटावर दोन ओळी घेऊन दुसऱ्या ओळीतली रोपे पहिलीच्या फटींसमोर येतील अशी नागमोडी लागवड करावी. वाफ्याच्या कडेला गुडघ्याएवढीच उंची हवी असेल तर लहान पानांची बुटकी कामिनी मागून घ्यावी आणि ती एका फुटावर लावावी. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच खोल लावावे. बुंधा मातीत गाडला की साल कुजते.

लावल्याबरोबर प्रत्येक रोपाचा वरचा एक तृतीयांश भाग छाटून टाकावा. नव्याने लावलेल्या सुंदर रोपाला कात्री लावायला कोणाचाही हात धजत नाही, पण तळापासून दाट कुंपण होणार की वर छत्री आणि खाली काठ्या राहणार हे बऱ्याच अंशी याच कापावर ठरते. त्यानंतर नवी फूट वीतभर झाली की तिचा शेंडा खुडावा, आणि पहिली दोन वर्षे हे करीत राहावे.

पाणी, खत आणि बहर

पहिल्या वर्षी पावसाळा संपल्यावर आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती पाचोळ्याचे तीन इंच आच्छादन ठेवावे. मात्र पाचोळा खोडाला टेकू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्याने दिलेले भरपूर पाणी पुरते. रोज थोडे शिंपडण्याने मुळे वरच राहतात आणि झुडूप उन्हाला कायम हळवे होते.

खत म्हणून जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मीटरला दोन-तीन किलो शेणखत किंवा त्याच्या निम्मे गांडूळखत पुरेसे आहे. युरियाचा मारा करू नये. त्याने नुसती कोवळी पालवी माजते, फुले कमी होतात आणि किडीला मेजवानी मिळते.

फुलांविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ‘आमच्या कुंतीला फुलेच येत नाहीत’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. संत्र्याचे बागायतदार बहर धरण्यासाठी बागेचे पाणी तोडून तिला ताण देतात आणि मग पाणी सोडतात. कुंतीचा स्वभावही तोच आहे: काही काळ कोरडा गेल्यावर भरपूर पाणी मिळाले की तिला एकदम बहर येतो आणि मोठ्या पावसानंतर सगळी रांग एका वेळी पांढरी होते. तीन वर्षांवरच्या, नीट मुरलेल्या कुंपणाला मे महिन्यात पाणी कमी केले तर जूनच्या पावसाबरोबर चांगला बहर मिळतो. पाने दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा टवटवीत होत असतील इतपत ताण ठीक. सकाळीही ती मलूलच दिसली तर पाणी द्यावे. लहान रोपांना ताण देऊ नये.

दुसरे कारण कात्री. कुंतीच्या कळ्या फांदीच्या टोकाशी येतात. दर पंधरा दिवसांनी कुंपण गुळगुळीत कापणाऱ्या माळ्याच्या हातून कळ्या धरण्याआधीच टोके जातात, आणि मग हिरवी भिंत मिळते पण फूल मिळत नाही. थंडी संपताना, फेब्रुवारीअखेर एक नीट छाटणी आणि पावसाळ्यातील बहर ओसरल्यावर दुसरी हलकी छाटणी एवढ्यावर भागवावे. मध्ये फक्त बाहेर आलेले धुमारे काढावेत. छाटताना तळ रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते. कुंपणाचा माथा रुंद झाला की खालची पाने सावलीने गळतात, आणि एकदा उघडा पडलेला तळ भरून यायला फार वेळ लागतो.

पिवळी पाने आणि किडी

कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे चित्र दिसले तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त जमिनीत, तसेच बांधकामाचा सिमेंट-चुना मातीत मिसळलेल्या नव्या बंगल्यांच्या आवारात हे हमखास होते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी फवारावे, किंवा चिलेटेड लोह पाकिटावरील प्रमाणाने द्यावे. कायमचा उपाय म्हणून दर वर्षी शेणखत घालत राहावे आणि बांधकामाचा राडारोडा चरातून काढून टाकावा. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडून गळत असतील तर बहुधा पाणी साचते आहे. तिथे खत नव्हे, निचरा हवा.

पाने काळी पडली तर काजळी पुसत बसू नये. ती बुरशी रस शोषणाऱ्या किडींच्या गोड स्रावावर वाढते, तेव्हा पाने उलटून खवले कीड, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण शोधावेत. १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य साबण घालून, पानांच्या खालच्या बाजूला लागेल असे आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे. जास्त किडलेले शेंडे तोडून नष्ट करावेत. बहर चालू असताना कोणतीही फवारणी करू नये. त्या वेळी फुलांवर मधमाश्या असतात. लिंबावर येणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही कधी कुंतीवर दिसतात. भरलेल्या कुंपणाची चार पाने त्यांनी खाल्ली तर बिघडत नाही, त्यांना राहू द्यावे. लहान रोपावर असतील तर उचलून मोठ्या झुडपावर सोडाव्यात.

जुन्या कुंपणाचा तळ उघडा पडलाच असेल तर ते उपटून टाकण्याची गरज नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी रांगेची एक बाजू मुख्य खोडापर्यंत आत छाटावी, शेणखत घालावे, आणि त्या बाजूला भरपूर फूट आल्यानंतर पुढच्या वर्षी दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही बाजू आणि माथा एकाच वेळी उतरवला तर अशक्त झाडे दगावू शकतात. जाड फांद्या कात्रीने न चेचता धारदार करवतीने कापाव्यात, कारण लाकूड कठीण असते आणि चेचलेल्या जखमेतून कूज शिरते. मध्येच एखादे रोप मेले असेल तर त्याच जागी लहान रोप लावून भागत नाही. शेजारच्या झाडांची मुळे त्याला दाबून टाकतात. तिथे दोन वर्षे कुंडीत वाढवलेले मोठे रोप लावावे, आजूबाजूच्या फांद्या त्याला ऊन मिळेल इतक्या मागे घ्याव्यात, आणि त्या एका रोपाला पहिला उन्हाळाभर वेगळे पाणी द्यावे.